मिलरसाहेबांची छावणी



मागच्या महिन्यात माझ्याकडे एक पत्र आले. पत्र लिहिणारे गृहस्थ एका तालुक्याच्या गावचे निवृत्त शिक्षक. गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर ते गेली अठ्ठावीस वर्षे आहेत. दर उन्हाळ्यात वाचनालयापुढच्या पटांगणात सात दिवस व्याख्यानमाला भरते आणि तिचा सारा व्याप या गुरुजींच्या डोक्यावर असतो. वक्त्यांना पत्रे घालणे, वर्गणी गोळा करणे, मांडववाल्याच्या मिनतवाऱ्या करणे, वीज गेली तर बत्ती कुठून आणायची ते आधीच ठरवून ठेवणे. मीही एका वर्षी तेथे बोलून आलो. मला हार मिळाला, नारळ मिळाला, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझे नाव छापून आले. रात्री निघताना मागे वळून पाहिले, तर गुरुजी आणि एक पोरगा असे दोघे सतरंज्यांच्या घड्या घालीत होते.

त्या गुरुजींनी लिहिले आहे, "सर, यंदा मंडळाचा राजीनामा द्यावा म्हणतो. ऐकायला माणसं चाळीस. ज्याला त्याला हातातल्या फोनवर जगातलं काय हवं ते ऐकता येतं. आयुष्यभर एका मांडवापाठीमागं धावलेल्या माणसानं नेमकं केलं काय, असं नातवानं विचारलं तर मी काय सांगू?"

पत्राला लगेच उत्तर लिहिणे मला जमले नाही. वक्त्याने सतरंजी घालणाऱ्याला धीर द्यावा हे काही शोभत नाही. पण मी इतिहास शिकवितो, आणि इतिहासात या गुरुजींच्या जातकुळीचा एक माणूस मला ठाऊक आहे. तो अमेरिकेतला, धर्माने ख्रिस्ती, धंद्याने कारखानदार. त्याची हकीकत आज आपणां सर्वांना सांगावी आणि गुरुजींनाही ती आकाशवाणीवरूनच पोहोचवावी, असे मी ठरविले.

या माणसाचे नाव लुइस मिलर. जन्म २४ जुलै १८२९, अमेरिकेतील ओहायो राज्यात ग्रीनटाउन नावाच्या लहान गावी. शाळा बेताचीच झाली. तरुणपणी भिंतींना गिलावा करण्याचे काम ते शिकले, पुढे शेतीची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात शिरले, आणि तेथे त्यांचे हात आणि डोके दोन्ही चालू लागले.

शेतकरी श्रोत्यांना त्यांच्या यंत्राविषयी सांगितले पाहिजे. गवत कापण्याचे घोड्यांनी ओढावयाचे यंत्र तेव्हा नुकतेच निघाले होते. यंत्राच्या बाजूला आडवी दांडी, तिला दातेरी पाते. घोडे चालले की चाक फिरते, चाकाबरोबर पाते सरकते आणि गवत आडवे पडते. पण शेत काही पाटासारखे सपाट नसते. उंचवटा आला की ताठ दांडी मातीत घुसे, खळगा आला की गवतावरून नुसतीच जाई. मिलर यांनी १८५० नंतरच्या दशकात या दांडीला बिजागरी बसविली. जमीन वर गेली की पाते वर, जमीन खाली गेली की पाते खाली. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना दांडी उचलून घेता येई. पाते हाकणाऱ्याच्या मागे न ठेवता पुढे आणले, म्हणजे बैठकीवरून माणूस पडला तरी पात्यावर पडू नये. 'बकाय' या नावाने हे यंत्र अमेरिकाभर खपले. ॲक्रन या शहरात मिलर यांचा मोठा कारखाना उभा राहिला आणि मिलर श्रीमंत झाले.

श्रीमंत झालेला माणूस रविवारी काय करतो? हे मिलर रविवारी शाळा भरवीत. ही रविवारची शाळा म्हणजे काय, ते आपल्याकडच्या ख्रिस्ती बांधवांना सांगावयास नको. ते तिला शब्बाथशाळा म्हणतात. चर्चमध्ये दर रविवारी मुलांना बायबल शिकविण्यासाठी ती भरते. ॲक्रनच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये अशा शाळेचे मिलर प्रमुख होते. आता खेड्यातल्या दुशिक्षकी शाळेतल्या गुरुजींनी जरा कान द्यावा, कारण मिलर यांची अडचण तीच तुमची अडचण आहे. खोली एक, मुले सर्व वयांची. लहानांना गोष्ट सांगावी तर मोठी मुले जांभया देतात, मोठ्यांना समजावून सांगावे तर लहान मुले एकमेकांचे केस ओढतात. शिवाय प्रार्थना आणि गाणे सर्वांनी मिळून म्हणावयाचे असते, तेव्हा मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत कायमचे कोंडूनही चालत नाही.

मिलर यांनी वास्तुशिल्पज्ञांना हाताशी धरून १८७० च्या सुमारास एक इमारत उभी केली. मध्ये मोठे दालन, त्याच्या भोवती अर्धवर्तुळात लहान लहान वर्ग, आणि त्यांवर माडीवर पुन्हा तसेच वर्ग. प्रत्येक वर्गाचे तोंड मधल्या दालनाकडे. दारे उघडली की सगळी शाळा एक, प्रमुख सर्वांना दिसतो आणि प्रमुखाला सर्व दिसतात. दारे मिटली की प्रत्येक शिक्षक आपल्या वयाच्या मुलांबरोबर मोकळा. ही 'ॲक्रन पद्धत' पुढे अमेरिकेतील कितीतरी चर्चनी उचलली. गवताच्या यंत्राला बिजागरी, शाळेला मिटणारी दारे. एकाच डोक्यातून निघालेल्या या दोन गोष्टी मला मोठ्या गमतीच्या वाटतात.

इमारत झाली. मुले वर्गांत बसली. मग मिलर यांच्या लक्षात आले की खरी अडचण पुढेच आहे. शिकविणार कोण? रविवारच्या शाळेचे शिक्षक बिनपगारी. कोणी दुकानदार, कोणी शेतकरी, कोणाच्या घरची लेक किंवा सून. मन चांगले, हौस दांडगी, पण शिकविण्याचे शिक्षण कोणी घेतलेले नाही. पॅलेस्टाइन देश नकाशात कोठे आहे हेसुद्धा पुष्कळांना सांगता यायचे नाही.

हीच काळजी आणखी एका माणसाला लागली होती. त्यांचे नाव जॉन हेल व्हिन्सेंट. हे मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, रविवारच्या शाळांच्या पुस्तकांचे आणि मासिकांचे संपादक, पुढे १८८८ मध्ये बिशप झाले. वाणी उत्तम, कल्पना भराभर सुचणाऱ्या. शिक्षकांसाठी पंधरा दिवसांचे वर्ग भरवावेत ही कल्पना त्यांची. ते ॲक्रनच्या त्या नव्या इमारतीत भरवावेत असे त्यांनी सुचविले. मिलर म्हणाले, इमारतीत नको, रानात भरवू.

व्हिन्सेंट नाखूश झाले. त्यांची नाखुषी समजण्यासाठी त्या काळचे रानातले मेळावे कसे असत ते पाहिले पाहिजे. उन्हाळ्यात शेतकरी कुटुंबे गाड्या जुंपून झाडीत येत, तंबू ठोकीत, आणि आठ-आठ दिवस धर्मोपदेशकांची भाषणे ऐकत. रात्री पेटत्या ओंडक्यांच्या उजेडात भाषण रंगे, लोक रडत, ओरडत, पश्चात्तापाने जमिनीवर लोळण घेत. आपल्याकडची जत्रा आणि भजनी सप्ताह एकत्र करा, म्हणजे थोडीशी कल्पना येईल. व्हिन्सेंट यांना या भावनेच्या पुराचे वावडे होते. दोन दिवसांत चढलेले तिसऱ्या दिवशी उतरते, असे त्यांचे मत. त्यांना वर्ग हवे होते, फळे हवे होते, परीक्षा हवी होती.

मिलर अशाच एका मेळाव्याच्या जागेच्या विश्वस्त मंडळावर होते. न्यूयॉर्क राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात शटॉक्वा नावाचे लांबोळके सरोवर आहे. त्याच्या पश्चिम काठावर फेअर पॉइंट या टोकाशी दाट झाडी, तीत तंबूंच्या जागा आखलेल्या. १८७३ च्या उन्हाळ्यात मिलर व्हिन्सेंटना तेथे घेऊन गेले. पाणी, झाडे, थंड हवा, आगबोटीचा धक्का, शहरापासून दूर. येथे आलेला शिक्षक संध्याकाळी घरी पळून जाणार नाही. व्हिन्सेंटनी मान डोलावली. तंबू मेळाव्याचे ठेवावयाचे, पण तंबूंत शाळा भरवावयाची, असे ठरले.

४ ऑगस्ट १८७४ रोजी पहिली छावणी भरली आणि १८ तारखेपर्यंत चालली. ऑगस्ट म्हणजे आपला श्रावण-भाद्रपद, पण तिकडचा भर उन्हाळा. व्हिन्सेंट शिक्षणाचे प्रमुख, मिलर अध्यक्ष. एक बोलणार, दुसरा सांभाळणार, अशी ही वाटणी त्या दिवशी झाली. मिलर यांच्या मरणापर्यंत म्हणजे पंचवीस उन्हाळे अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. मेथॉडिस्टांच्या जागेवर भरलेल्या या छावणीत दुसऱ्या पंथांच्या शिक्षकांनाही पहिल्याच वर्षापासून जागा होती. अखेरीस लेखी परीक्षा झाली. झाडाखाली बसून पिकल्या केसांची माणसे पेपर लिहीत आहेत, हे चित्र मला फार आवडते.

तेथल्या शिक्षणाचे एकच उदाहरण देतो. पॅलेस्टाइन देश नकाशात दाखविता न येणाऱ्या शिक्षकांसाठी सरोवराच्या काठावर जमिनीवरच तो देश बनविण्यात आला. मातीचे उंचवटे म्हणजे डोंगर, त्यांवर लहान लहान गावे, मधून यार्देन नदीचा पाट, खाली मृत समुद्राचे डबके. आणि भूमध्य समुद्र? तो बनवावा लागला नाही. शटॉक्वा सरोवरालाच त्या जागी नेमले. फक्त एक पंचाईत झाली. सरोवर पूर्वेला आणि खरा समुद्र त्या देशाच्या पश्चिमेला. तेव्हा या जमिनीवरच्या देशात उत्तर दिशा दक्षिणेला समजावयाची! दोन-चार दिशा उलट्यापालट्या झाल्या, पण शिक्षक येरुशलेमपासून यरीहोपर्यंत पायांनी चालून गेले. ज्या वाटेवरून आपण स्वतः चाललो ती वाट मुलांपुढे सांगताना आवाज वेगळा लागतो. शाळेच्या अंगणात आपला तालुका मातीने बनवून पाहा. पावसाळ्याने मोडला तर पुढच्या वर्षी पुन्हा बनवावा लागेल, इतकेच. पॅलेस्टाइनचा हा बगीचा तेथे आजही आहे आणि त्याचीही डागडुजी अनेकदा झाली आहे.

मिलर यांच्या वाट्याचे काम मात्र चित्रात येण्यासारखे नव्हते. विहिरी, सांडपाणी, रस्ते, आगबोटींचे वेळापत्रक, फाटकावरचे पैसे, कर्ज. कारखान्याच्या माणसाला ही कामे कळतात. दोन निर्णय मात्र असे झाले की त्यांवर लोक चिडले. एक म्हणजे फाटकावर प्रवेशमूल्य. धर्माच्या ठिकाणी पैसे कसले घेता, असा ओरडा झाला. दुसरा त्याहून अवघड. रविवारी फाटक बंद. त्या दिवशी कोणाला आत घ्यावयाचे नाही, आगबोट धक्क्याला लावू द्यावयाची नाही. आता यातला हिशेब पाहा. रविवार सुट्टीचा, आसपासच्या गावांतून माणसे सहलीला निघणार, भाडे आणि तिकिटे यांचा धो धो पैसा याच दिवशी यावयाचा. छावणीला पैशांची गरज होती आणि तरीही तो दिवस बंद ठेवला. विश्रांतीचा दिवस पवित्र मानणे ही त्यांची श्रद्धा. ती श्रद्धा मी तपासून पाहात नाही. मला त्यात मंडळावरच्या माणसाचे धैर्य दिसते, कारण अशा निर्णयाची शिवी वक्त्याला पडत नाही, अध्यक्षाला पडते.

दुसऱ्या वर्षी, १८७५ मध्ये, मिलर यांनी तंबूच्या जागी स्वतःसाठी लाकडी घर उभारले. तेथले पहिले पक्के घर ते हेच. घराचे भाग ॲक्रनमध्ये कापून तयार केले आणि येथे आणून जोडले. निमित्त असे की अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट भेटीस येणार होते. हे ग्रँट पूर्वी व्हिन्सेंट यांच्या चर्चमध्ये जात असत, त्या ओळखीने आले. १४ ऑगस्टला ते आले, लोकांनी सरोवराचा काठ भरून टाकला, आणि शटॉक्वाचे नाव देशभर झाले. वाड्याची ऐपत असताना मिलर यांनी बांधले ते आटोपशीर घर, आणि पाहुण्यांसाठी शेजारी तंबू तसाच ठेवला. त्यांना अकरा मुले होती. उन्हाळा म्हणजे शटॉक्वा हे त्या मुलांच्या मनात बसून गेले. त्यांतलीच मिना. विजेच्या दिव्याचे संशोधक टॉमस एडिसन १८८५ च्या उन्हाळ्यात तिच्यासाठी या छावणीत आले होते. पुढच्या फेब्रुवारीत ॲक्रनला त्यांचे लग्न झाले. मिलर हे एडिसनचे सासरे, असे म्हटले की पुष्कळांना ते चटकन ओळखीचे वाटतात. माणसाची ओळख जावयावरून पटावी यात काही नवल नाही, आपल्याकडेही असेच होते!

शिक्षकांसाठी काढलेली छावणी शिक्षकांपुरती राहिली नाही. पहिल्याच वर्षी तेथे जमलेल्या काही स्त्रियांनी दारूविरुद्ध देशव्यापी संघटना काढावयाचे बोलणे केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलंडला ती स्थापन झाली. या संघटनेचे नाव मराठी वाचकांना परके नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना तिच्या संपर्कात आल्या, आणि १८८९ साली निघालेल्या त्यांच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या पुस्तकात तिच्याविषयी त्यांनी मराठीत लिहिले. सरोवराकाठच्या तंबूतले एक बोलणे असे पंधरा वर्षांनी आपल्या भाषेत येऊन पोहोचले.

मग १८७८ मध्ये व्हिन्सेंट यांनी घरबसल्या वाचनाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. इतिहास, वाङ्मय, विज्ञान यांची नेमलेली पुस्तके वर्षभर घरी वाचावयाची, गावात चार जणांचे मंडळ करून त्यांवर बोलावयाचे. पहिल्या तुकडीत आठ हजारांहून अधिक लोकांनी नावे घातली आणि १८८२ मध्ये त्यांतल्या सुमारे सतराशे जणांनी अभ्यास पुरा केला. बाकीचे सहा-सात हजार गळले. ही गळती मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या रात्रीच्या वर्गातली पंधरांतली दहा माणसे गळली की आपण अंथरूण धरतो. चूल सांभाळून वाचणाऱ्या बाया, कॉलेजचे तोंड न पाहिलेले शेतकरी यांच्यासाठी तो अभ्यासक्रम होता. त्यांच्यासाठी झाडीत खांबांची एक खुली इमारत बांधली होती. अभ्यास पुरा करणारे लोक तेथे मिरवणुकीने येत.

याच सुमाराचे आपल्याकडचे वर्तमान आपणांस ठाऊक असेल. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, शटॉक्वानंतर एकाच वर्षाने. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे मी म्हणत नाही. पण उन्हाळ्याची सुट्टी हा ज्ञानाचा हंगाम करावा हे पुण्याच्या आणि ॲक्रनच्या माणसांना एकाच वेळी सुचावे, याचे मला अप्रूप वाटते. आणि गुरुजी, तुमची व्याख्यानमाला त्या पुण्याच्या झाडाचीच फांदी आहे.

आता दुसरी बाजू. १८९६ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध तत्त्ववेत्ते विल्यम जेम्स शटॉक्वाला आठवडाभर राहिले. शिक्षकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे केलेली त्यांची व्याख्याने १८९९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यांतल्या एका व्याख्यानात या भेटीची हकीकत आहे. तेथे त्यांना सर्व काही मिळाले. उत्तम संगीत, शाळा, व्यायाम, स्वच्छ पाणी; दारू नाही, गुन्हा नाही, दारिद्र्य नाही. आणि आठवड्याने बाहेर पडल्यावर त्यांना चक्क हायसे वाटले! इतका चांगुलपणा त्यांना मिळमिळीत वाटला. धोका नाही, झुंज नाही, घाम नाही, मग जगण्याला चव कोठली? परतीच्या आगगाडीतून त्यांना उंच लोखंडी सांगाड्याच्या कडेवर काम करणारा एक मजूर दिसला, आणि त्यांच्या मनात आले की शौर्य पाहावयाचे ते येथे, रोजच्या कष्टांत, आणि आपण मात्र ते आजवर पुस्तकांत शोधीत होतो.

जेम्स फार मोठा माणूस, आणि ते म्हणतात त्यात तथ्य आहे. आमच्या व्याख्यानमालांनाही कधीकधी असा गुळमट वास येतो हे मी कबूल करतो. ऐकणारा मान डोलावतो, बोलणारा पाण्याचा घोट घेतो, आणि कोणाच्याही आयुष्यात काहीही इकडचे तिकडे होत नाही. पण माझी एक तक्रार आहे. जेम्स यांना छावणीची पुढची बाजू तेवढी दाखविण्यात आली. ते स्वच्छ पाणी कोणी आणले, कर्जाचे हप्ते कोणी भरले, वादळात पडलेला तंबू पुन्हा कोणी उभा केला, हे पाहुण्याच्या नजरेला पडत नाही. सांगाड्यावरचा मजूर त्यांनी गाडीतून पाहिला. तसलाच एक इसम आठवडाभर छावणीत त्यांच्या अवतीभोवती वावरत असणार, पण तो कोट घालून होता म्हणून ओळखू आला नसेल.

मिलर यांच्या शेवटच्या वर्षात झुंजीची वाण पडली नाही. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध लागले. त्यांचा मुलगा थिओडोर येल विद्यापीठातून नुकताच पदवी घेऊन बाहेर पडला होता. तो सैन्यात गेला. १ जुलैला क्यूबात सॅन वॉनच्या टेकडीवर त्याला गोळी लागली आणि आठ दिवसांत तो गेला. तेव्हा शटॉक्वाचा हंगाम तोंडावर आलेला होता. पुढल्या वर्षी १७ फेब्रुवारी १८९९ रोजी स्वतः मिलर न्यूयॉर्कमध्ये वारले. एकोणसत्तर वर्षांचे होते.

मिलर यांच्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९०४ पासून शटॉक्वाचे नाव घेऊन फिरते तंबू निघाले. मूळ संस्थेशी त्यांचा संबंध नव्हता. तो धंदा होता. पण गावोगावच्या शेतकऱ्यांनी त्यांत पहिले भाषण ऐकले, पहिले नाटक पाहिले. तीस वर्षांत ते बंद पडले. मोटार, बोलपट आणि रेडिओ यांनी त्यांचे पोट मारले असे सांगतात. मी हे रेडिओवरूनच सांगतो आहे, तेव्हा यावर जास्त बोलत नाही. मूळ छावणीवरही १९३३ मध्ये मंदीच्या तडाख्यात दिवाळखोरीची पाळी आली. कारभार सावकारांसाठी नेमलेल्या माणसाच्या हाती गेला. जुने सभासद आणि घरमालक यांनी वर्गण्या जमविल्या आणि १९३६ मध्ये कर्ज फिटले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तेथून युद्धाविरुद्ध भाषण केले. मिना एडिसन वडिलांच्या पश्चात पुष्कळ वर्षे तेथे येत राहिल्या. तेथले पक्षी, झाडे आणि बागा यांच्यासाठी असलेल्या मंडळाचे काम त्यांनी सांभाळले.

अलीकडे हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत आले ते एका वाईट बातमीने. १२ ऑगस्ट २०२२ रोजी सलमान रश्दी तेथे भाषणासाठी व्यासपीठावर बसले असता एका तरुणाने त्यांच्यावर सुरीने हल्ला केला. रश्दींचा एक डोळा गेला. त्या सकाळी श्रोत्यांतली आणि व्यवस्थेतली साधी माणसे व्यासपीठावर धावत चढली आणि त्यांनी हल्लेखोराला धरले. धोका नाही म्हणून जेम्स यांना जी जागा बेचव वाटली होती, तीच ही जागा. पुढच्या उन्हाळ्यात फाटक पुन्हा उघडले. नऊ आठवड्यांचा तो हंगाम आजही दरसाल भरतो.

व्हिन्सेंट यांचे नाव शटॉक्वाच्या इतिहासात पहिले येते, आणि ते योग्यच आहे. त्यांची भाषणे लोकांच्या ध्यानात राहिली, पुस्तके छापली गेली. त्यांच्या १८८६ च्या 'शटॉक्वा चळवळ' या पुस्तकाला मिलर यांची प्रस्तावना आहे. अध्यक्षाने लिहिलेले आणि लोकांच्या हाती सहज पडण्यासारखे असे ते एवढेच. मिलर यांची आठवण दुसऱ्या रीतीने राहिली. सरोवरात आत गेलेल्या टोकावर, त्या मातीच्या पॅलेस्टाइनला लागूनच, १९११ मध्ये एक उंच घंटाघर बांधले. त्याला मिलर यांचे नाव आहे. व्याख्यान कोणाचेही असो, विषय कोणताही असो, दिवसाची वेळ छावणीला ही घंटा सांगते. तिच्या पायथ्याशी मुले यार्देन नदीत पाय बुडवून बसतात. आणि ते लाकडी घर अजून उभे आहे. १९६५ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

तर गुरुजी, नातवाने विचारले तर काय सांगावे, हा तुमचा प्रश्न. त्याचे उत्तर मला येत नाही, म्हणून ही हकीकत सांगितली. त्याला ती सांगून पाहा. गवत कापण्याचे यंत्र कसे चालते ते आधी सांगा, म्हणजे पोरगा ऐकेल. राजीनाम्याचे तुम्ही आणि तुमचे मंडळ काय ते ठरवाल. मात्र यंदा व्याख्यानमाला भरली तर तिच्या तारखा मला अगोदर कळवा. भाषणासाठी नव्हे. माझे भाषण तुमच्या गावाने एकदा ऐकले आहे, तेवढे पुरे. सतरंज्या किती आहेत आणि त्या कोणाच्या घरून आणायच्या, तेवढे लिहा. मी आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने येतो.